विद्यापीठाच्या पोलिसांनी बळ वापरलं, तर तपासायचं नेमकं काय?

सायंतारा

मंडळी, जरा मोठा धागा आहे, चहा घेऊन बसा.

मी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात नोकरी करते (कुठल्या ते विचारू नका). तीन महिन्यांपूर्वी मला तिथल्या पोलीस आढावा समितीवर घेतलं. आम्ही सातजण आहोत, त्यात दोन विद्यार्थी. कॅम्पसवरच्या पोलिसांनी कोणावर हात टाकला, बेड्या घालताना जमिनीवर पाडलं, तोंडावर मिरचीचा फवारा मारला, तर ते प्रकरण आमच्यापुढे येतं. पहिल्या बैठकीत मला एक पातळशी फाईल आणि अकरा मिनिटांचा व्हिडिओ मिळाला. बघितला. पोटात गोळा आला. पण बघून झाल्यावर मत काय द्यायचं ते मात्र कळेना. सगळं इतक्या पटकन घडतं की पोलिसाचंही खरं वाटतं आणि त्या मुलाचंही.

म्हणून अभ्यासाला डेव्हिसचं प्रकरण काढलं. इथल्या जुन्या लोकांना फोटो आठवत असेल : जमिनीवर ओळीने बसलेली मुलं आणि झाडांना औषध मारावं तसा निवांत चालत त्यांच्या तोंडावर केशरी फवारा मारणारा पोलीस. तारीख १८ नोव्हेंबर २०११, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिस. फीवाढीविरुद्ध आणि 'ऑक्युपाय' या आर्थिक विषमतेविरुद्धच्या चळवळीच्या बाजूने मुलांनी क्वाडवर, म्हणजे मधल्या हिरवळीवर, तंबू ठोकले होते. नऊच दिवस आधी याच विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर पोलिसांनी विद्यार्थ्यांवर आणि प्राध्यापकांवर दंडुके चालवले होते. तिथे रॉबर्ट हास या कवीलाही मार बसला. ते अमेरिकेचे माजी राष्ट्रकवी. म्हणजे वातावरण आधीच तापलेलं होतं आणि वरच्या लोकांना ते माहीत होतं.

पुढे चौकशी झाली. कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो अध्यक्ष आणि तपासाचं काम क्रोल या खाजगी कंपनीकडे. एप्रिल २०१२ मध्ये अहवाल आला. मला वाटलं होतं त्यात मुख्यतः फवाऱ्याबद्दल असेल. फवारा आहेच, पण खूप उशिरा येतो. आधी पानंच्या पानं बैठका, फोनवरची बोलणी, कोण काय म्हणालं, कोणाला काय वाटलं.

पोलिसांना तंबू पहाटे काढायचे होते, गर्दी नसताना. चॅन्सेलर लिंडा काटेही यांनी दुपारी तीनची वेळ धरून ठेवली. (आपल्याकडे चॅन्सेलर म्हणजे कुलपती, म्हणजे राज्यपाल. इथे चॅन्सेलर म्हणजे आपल्या कुलगुरूंसारख्या, रोजचा कारभार बघणाऱ्या.) त्यांच्या मनात होतं की पोलीस जातील, तंबू काढायला सांगतील, बळ वापरणार नाहीत. पण हे त्यांनी स्पष्ट शब्दांत कोणाला सांगितलंच नाही. पोलीसप्रमुख बाईंचं म्हणणं, मी हेल्मेट-ढालींचा जामानिमा नको म्हटलं होतं. माणसं आली ती जामानिमा करूनच. बाहेरचे लोक येऊन राहतील ही सगळ्यांना धास्ती होती, तिला पुरावा फारसा नव्हता. आणि गंमत म्हणजे, भर दुपारी उभा असलेला तंबू कुठल्या कायद्याने काढायचा हेही धड ठरलेलं नव्हतं. मुक्कामाला मनाईचा नियम रात्रीचा होता!

तर माझा प्रश्न. फवारा मारणारा हात एका माणसाचा, पण त्या हातापर्यंत गोष्ट आणली किती जणांनी? आणि आमच्यासारख्या समितीला फाईल मिळते ती फक्त हाताची. तुम्ही माझ्या जागी असता तर काय मागितलं असतं?

---

तिरकस_तात्या

पहिला! आता वाचतो.

---

निवृत्त_फौजदार

सायंतारा ताई, लेख चांगला आहे, पण दुसरी बाजू सांगायलाच हवी. एकतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली निम्मी बंदोबस्तात. खुर्चीवर बसून व्हिडिओ मागेपुढे करणं सोपं असतं. जागेवर माणूस असतो तेव्हा डोक्यावर घोषणा, मागून रेटा, कुठून दगड येईल पत्ता नाही आणि वायरलेसवर साहेबांचा आवाज. सेकंदात ठरवावं लागतं. त्या पोरांनी पोलिसांना वेढलं होतं असंही वाचल्याचं आठवतं. त्याचं काय?

---

सायंतारा

काका, तुमचा मुद्दा इथल्या सर्वोच्च न्यायालयालाही मान्य आहे. १९८९ चा ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर हा निकाल आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात. जागेवरच्या समंजस पोलिसाच्या डोळ्यांनी बघा, मागाहून सुचलेल्या शहाणपणाने बघू नका, असं तो सांगतो. गुन्हा किती गंभीर, समोरच्याकडून तातडीचा धोका किती, तो विरोध करतोय का पळतोय, हे तपासायचं.

वेढ्याबद्दल : गर्दी भोवती होती हे खरं. पण व्हिडिओत फवारा मारणारे ते लेफ्टनंट पाईक आधी बसलेल्या मुलांची ओळ ओलांडून पलीकडे जातात. मग डबा वर धरून सगळ्यांना दाखवतात, हलवतात आणि मग फवारतात. वेढलेला माणूस पाय उचलून वेढ्याबाहेर येतो का?

---

निवृत्त_फौजदार

हं. डबा हलवायला वेळ मिळाला असेल तर 'सेकंदात निर्णय' ही सबब मीही ऐकून घेणार नाही. तेवढं कबूल.

---

डेव्हिसचा_सायकलवाला

तेव्हा मी तिथे पीएचडी करत होतो. त्या वेळी क्वाडवर नव्हतो, प्रयोगशाळेत होतो, त्यामुळे उगाच साक्षीदाराचा आव आणत नाही. माझ्या मनात राहिलीय ती दुसऱ्या दिवशीची, शनिवार रात्रीची गोष्ट. काटेही बाई पत्रकार परिषदेनंतर इमारतीतून बाहेर पडून गाडीकडे चालल्या आणि दोन्ही बाजूंना शेकडो मुलं जमिनीवर बसलेली, एकाचाही आवाज नाही. नुसता बुटांचा टकटक आवाज. ती चित्रफीत आजही सापडेल. घोषणा दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं असं मला कायम वाटतं.

डब्याबद्दल एक तपशील, कारण अहवालातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट तीच. पोलिसांच्या कमरेला असतो तो छोटा डबा, आणि तिथे वापरला तो एमके-९, अग्निशामक नळकांड्याच्या धाकट्या भावासारखा. हा मोठा डबा त्या खात्याच्या नियमांत मंजूरच नव्हता. कोणाला त्याचं प्रशिक्षण नव्हतं. गर्दीवर लांबून मारायची ती वस्तू, किमान सहा फुटांवरून, आणि ती वापरली हातभर अंतरावरून. आता हा डबा कपाटात आला कसा? कोणीतरी मागणी केली असेल, कोणीतरी बिल पास केलं असेल. म्हणजे बळाच्या वापराचा आढावा एका अर्थी स्टोअररूमपासून सुरू होतो.

---

मीनल_ठाणे

मला वेगळंच काहीतरी विचारायचंय, रागावू नका. मुलगा ऑगस्टमध्ये एमएसला चाललाय. मला वाटायचं कॅम्पस पोलीस म्हणजे आपल्या कॉलेजच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले. ओळखपत्र बघणारे, दुचाकी नीट लावायला सांगणारे. हे खरे पोलीस असतात का? बंदूक वगैरे?

---

वकीणबाई

मीनलताई, खरेच असतात. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत तर पूर्ण अधिकाराचे. अटक करतात, बंदूक बाळगतात आणि त्यांची हद्द कॅम्पसच्या कुंपणापुढेही एक मैल जाते. आपल्याकडे विद्यापीठाला स्वतःचं पोलीस दल नसतं. गडबड झाली की कुलगुरू किंवा कुलसचिव स्थानिक ठाण्याला कळवतात, आणि पोलीस बोलावल्याशिवाय आत आले तर तोच वादाचा विषय होतो. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या जामियात पोलीस ग्रंथालयात शिरले तेव्हा भांडण आधी तिथूनच सुरू झालं होतं. अमेरिकेत पोलीस घरचेच असल्यामुळे 'आत का आलात' हा प्रश्नच उरत नाही.

आणि या पोलिसांचा संबंध फक्त विद्यार्थ्यांशी येतो असंही नाही. १९ जुलै २०१५, सिनसिनाटी. तिथल्या विद्यापीठाच्या पोलिसाने कॅम्पसबाहेर एक गाडी अडवली, पुढची नंबरप्लेट नव्हती म्हणून. काही मिनिटांत चालकाच्या डोक्यात गोळी. सॅम्युएल डुबोझ हा काही विद्यार्थी नव्हता. पोलीस म्हणाला, गाडीने मला फरफटत नेलं. अंगावरच्या कॅमेऱ्याने ते खोटं पाडलं. विद्यापीठाने बडतर्फ केलं, खटला चालला, दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि २०१७ मध्ये आरोप मागे घेतले गेले. त्याआधी विद्यापीठाने कुटुंबाला ४८ लाख ५० हजार डॉलर आणि त्याच्या बारा मुलांना मोफत शिक्षण कबूल केलं होतं.

मुलाला एवढंच सांगा, पोलिसाने गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव, विचारल्याशिवाय खिशात किंवा डॅशबोर्डच्या खणात हात घालू नको. आपल्याकडे कागद काढून देणं हा मुकाट्याने वागण्याचा भाग आहे, तिथे त्याचा अर्थ भलता होऊ शकतो.

---

मीनल_ठाणे

बापरे. धन्यवाद. रात्री झोप नाही आता.

---

तिरकस_तात्या

वाचलं. म्हणजे शेवटी नेहमीचंच. समिती, अहवाल, फडताळ. त्या फवारेवाल्याचं काय झालं ते सांगा.

---

वकीणबाई

तात्या, फडताळात नाही गेला, पण जे झालं ते सरळही नाही.

सरकारी वकिलांनी, म्हणजे योलो काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नींनी, फौजदारी आरोप ठेवायला नकार दिला. खातेनिहाय चौकशीत पदावनती किंवा निलंबन अशी शिफारस होती. ती बाजूला सारून नव्या पोलीसप्रमुखांनी जुलै २०१२ मध्ये नोकरी संपवली. जुन्या प्रमुख बाई एप्रिलमध्येच राजीनामा देऊन गेल्या होत्या. दिवाणी दावा तडजोडीत मिटला, साधारण दहा लाख डॉलरना. एकवीस फिर्यादींना प्रत्येकी तीस हजार, वकिलांना अडीच लाख आणि चॅन्सेलरबाईंचं प्रत्येकाला माफीचं पत्र. आणि २०१३ मध्ये त्या लेफ्टनंटना कामावरच्या मानसिक इजेपोटी ३८,०५५ डॉलर भरपाई मिळाली. म्हणजे फवारा खाणाऱ्यापेक्षा मारणाऱ्याला जास्त, असं लोक म्हणाले. मला ते वाक्य टाळ्यांचं वाटतं. तो कामगार भरपाईचा वेगळा कायदा आहे, त्यात चूक कोणाची हे विचारतच नाहीत, आणि त्या माणसाला हजारोंनी धमक्या आल्या होत्या.

एकाच कृतीला चार तराजू लागले आणि चारही काटे वेगळ्या आकड्यावर थांबले. सायंताराताई, तुमच्या समितीचा तराजू कोणता ते आधी विचारून घ्या. 'हा गुन्हा आहे का' हे तुम्हाला ठरवायचं नाही. खात्याच्या स्वतःच्या नियमात बसतं का, हे ठरवायचंय. आणि नियमात बसूनही मूर्खपणाचं होतं का, हे म्हणायची मुभा आहे का, तेही बघा. बहुतेक समित्या तिसऱ्या प्रश्नापाशी अडतात.

---

शंकासुर_२

अहवाल सहज बाहेर आला असं चित्र दिसतंय इथे. पोलिसांच्या युनियनने तो अडवायला कोर्टात धाव घेतली होती हे विसरू नका. शेवटी बाहेर आला तो बहुतेक पोलिसांची नावं खोडून. मग वृत्तपत्रं कोर्टात गेली, तेव्हा नावं उघडी करायचा आदेश झाला.

---

वकीणबाई

बरोबर. आता कायदा थोडा बदललाय. १ जानेवारी २०१९ पासून कॅलिफोर्नियात गोळीबार, मृत्यू किंवा गंभीर इजा झालेल्या प्रकरणांचे कागद जनतेला मागता येतात. नंतरच्या दुरुस्तीने गैरवाजवी बळाची सिद्ध झालेली प्रकरणंही त्यात आली. पण नुसतं ढकललं, हात पिरगाळला, अशी रोजची प्रकरणं त्यात सहसा बसत नाहीत. ती बघायला मिळतात ती ताईंच्या समितीसारख्यांनाच.

---

डेव्हिसचा_सायकलवाला

पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१६ मध्ये सॅक्रामेंटो बी या वृत्तपत्राने छापलं की इंटरनेटवर विद्यापीठाचं नाव शोधलं तर फवारा दिसू नये म्हणून विद्यापीठाने सल्लागारांना किमान १ लाख ७५ हजार डॉलर दिले होते. झालं काय, तर ज्यांना फोटो माहीत नव्हता त्यांनाही माहीत झाला. पाच वर्षांनी पुन्हा तोच फोटो पहिल्या पानावर. काटेही बाईंनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला, त्यात इतरही आरोप होते.

मात्र विद्यापीठाने केलेली एक बरी गोष्टही सांगतो. २०१४ मध्ये डेव्हिसला पोलीस उत्तरदायित्व मंडळ बसलं. विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी यांचं. तक्रारीचा तपास पोलीस स्वतः करत नाहीत, विद्यापीठाचं दुसरं कार्यालय करतं, मंडळ कागद बघून प्रमुखांना शिफारस करतं. शेवटचा शब्द प्रमुखांचाच. तरी २०२१ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या दहाही कॅम्पसना याच धर्तीवर मंडळं करायला सांगितलं गेलं.

---

तिरकस_तात्या

शेवटचा शब्द प्रमुखांचाच. झालं कल्याण.

---

निवृत्त_फौजदार

तात्या, शिस्तीचा अधिकार प्रमुखाकडून काढलात तर उद्या माणूस त्याचं ऐकणार नाही. हे मी हट्टाने म्हणतोय असं समजा.

पण ताईंच्या मूळ प्रश्नावर दोन दिवस विचार केला. आमच्याकडे पद्धत अशी : जमाव बेकायदा आहे हे ठरवायचं, पांगण्याचा हुकूम मोठ्याने, लोकांना समजेल अशा भाषेत द्यायचा, वेळ द्यायचा, आणि तरीही हलले नाहीत तरच बळ, तेही लागेल तेवढंच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९, आता नव्या संहितेत १४८. कागदावर सुंदर आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी पेपरात येतं 'सौम्य लाठीमार'. आयुष्यात मला सौम्य लाठी बघायला मिळाली नाही. लाठी बसते किंवा बसत नाही. हा शब्द आम्हीच प्रेसनोटमध्ये लिहायचो, वार्ताहर तसाच उतरवायचे. मी स्वतः लिहिलाय.

म्हणून ताई, फाईलमधले शब्द बघा. 'आवश्यक ते बळ वापरून ताब्यात घेतले' असं असेल तर पेन्सिलने खूण करा. कोणता हात, कुठे, किती वेळ, समोरचा त्या क्षणी काय करत होता, असं लिहिलेलं नसेल तर अहवाल परत पाठवा. आणि एकाच अधिकाऱ्याच्या चार अहवालांत वाक्यं जशीच्या तशी असतील तर तिथे पाणी मुरतंय.

---

सायंतारा

काका, हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. लिहून घेतलं. खरंच.

---

शंकासुर_२

सगळे एकाच दिशेने चाललेत म्हणून उलटा प्रश्न. बळ वापरलं नाही म्हणून चूक झाली, त्याचा आढावा कोण घेतं? ३० एप्रिल २०२४ ची रात्र, यूसीएलए, म्हणजे याच विद्यापीठाचं लॉस एंजेलिसचं कॅम्पस. पॅलेस्टाइनच्या बाजूच्या विद्यार्थ्यांच्या छावणीवर विरोधी जमाव चालून गेला, फटाके, काठ्या, फवारे, काही तास हाणामारी. पोलीस आले तरी बराच वेळ बाजूलाच. मग २ मेच्या पहाटे छावणी उठवली तेव्हा दोनशेवर अटका. म्हणजे मार खाणाऱ्यांना वाचवायला पोलीस नाहीत आणि उठवायला आहेत.

---

सायंतारा

तो अहवालही वाचला, नोव्हेंबर २०२४ चा, ट्वेंटीवन-सीपी नावाच्या संस्थेने केलेला. वाचताना अक्षरशः डेव्हिसचीच पानं उलटतेय असं वाटलं. निर्णय कोणाचा ते नक्की नाही, विद्यापीठाचे अधिकारी आणि पोलीस यांच्यात धड बोलणं नाही, बाहेरच्या पोलिसांना बोलावलं पण कोणाच्या हुकमाखाली काम करायचं ते ठरलेलं नाही. तेरा वर्षांत पोलिसांच्या अंगावर कॅमेरे आले, मंडळं आली, धोरणं जाड झाली. आणि 'आत्ता इथे प्रमुख कोण' याचं उत्तर ऐन वेळी पुन्हा सापडलं नाही.

पण शंकासुर, तुमचा मुद्दा मला आमच्या समितीत मांडताच येणार नाही. आमच्याकडे फाईल तेव्हाच येते जेव्हा कोणीतरी बळ वापरल्याचा फॉर्म भरतो. न वापरलेल्या बळाचा फॉर्म नसतो.

---

मीनल_ठाणे

झोप लागली नाही म्हणून सगळा धागा पुन्हा वाचला. सायंतारा, एक आई म्हणून विचारते. तुझ्या त्या व्हिडिओतल्या मुलाच्या घरी कोणी कळवलं होतं का?

---

सायंतारा

मीनलताई, त्या प्रकरणाबद्दल मला इथे लिहिता येत नाही, सही करून दिलीय. पण तुमचा प्रश्न बैठकीत विचारेन.

---

सायंतारा (सोळा दिवसांनी)

बैठक झाली. तपशील सांगता येणार नाही, एवढंच सांगते.

व्हिडिओ दारातून सुरू होत होता. बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण दाबायच्या आधीचं थोडं चित्रण राहतं, पण त्याला आवाज नसतो, त्यामुळे दार उघडण्याआधी काय बोलणं झालं ते कळत नव्हतं. मी विचारलं, पोलिसांना फोन कोणी केला आणि नेमके शब्द काय होते? खोलीत दोन मिनिटं शांतता. मग कळलं की फोनचं रेकॉर्डिंग वेगळ्या यंत्रणेत असतं आणि आमच्या फाईलला ते कधी जोडलेलंच नाही. या प्रकरणात नाही, आणि याआधीच्या कुठल्याच प्रकरणात नाही. समितीतल्या एका विद्यार्थिनीने लगेच विचारलं, मग आत्तापर्यंत आपण काय बघत होतो?

मीनलताईंचा प्रश्नही विचारला. त्याचं उत्तर फाईलमध्ये नव्हतं.

मत देणं पुढच्या महिन्यावर ढकललंय. रेकॉर्डिंग द्यायचं त्यांनी कबूल केलंय.

---

निवृत्त_फौजदार

शाब्बास. रेकॉर्डिंगबरोबर त्या पाळीच्या नोंदवहीची प्रतही मागा, आणि वेळा जुळवून बघा. प्रत छापील नको, मूळ वहीची फोटोकॉपी. मागाहून घातलेली ओळ शाईवरून कळते.

---

सायंतारा

काका, इथे वही नसते हो. सगळं संगणकात.

---

निवृत्त_फौजदार

मग नोंद कोणी कधी बदलली त्याचा इतिहास मागा. तोही संगणकातच असतो.